चित्र किती वेळ समोर धरायचं

मालवण तालुक्यातल्या सुकळवाडला १३ एप्रिल १८९० रोजी रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा जन्म झाला. पुढे दादासाहेब तोरणे म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाचा ‘श्री पुंडलिक’ हा मूकपट १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि दोन आठवडे चालला. जवळपास वर्षभराने, ३ मे १९१३ रोजी, त्याच कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. या दोन तारखांमुळे पहिला भारतीय चित्रपट कोणता, हा वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. तोरण्यांच्या बाजूने तारीख उभी आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की ‘पुंडलिक’ हे रामराव कीर्तिकरांच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा जॉन्सन नावाच्या इंग्रजाने चालवला आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली गेली.

सिंधुदुर्गातल्या माणसाने या वादात तोरण्यांच्या बाजूने उभं राहावं हे स्वाभाविकच आहे. मीही तशीच उभी राहत आले. सिनेमा शिकायला लागल्यावर मात्र या वादातला वेगळाच धागा माझ्या हाती लागला. ‘पुंडलिक’ची प्रत आज शिल्लक नाही, त्यामुळे तो पट कसा होता हे आपल्याला पाहता येणार नाही. पण तोरण्यांविषयी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. एकाच जागेवरून सलग केलेलं पहिलं चित्रण पाहून त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून त्यांनी नाटकाचे भाग सुटे चित्रित करून नंतर जोडायचं ठरवलं, असं सांगतात. ही नोंद खरी धरली, तर बाविशीतल्या त्या मालवणी तरुणाला फार मोठी गोष्ट उमगली होती. रंगमंच जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर आणून ठेवला की काम संपत नाही. कुठून पाहायचं, कुठे थांबायचं आणि कधी पुढे जायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

त्याच सुमाराला फाळक्यांनी केलेलं एक छोटं काम या वादात फारसं निघत नाही. कुंडीत वाटाणा पेरून ते त्याच्या वाढीची रोज चित्रं घेत राहिले. आठवड्यांची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. बी फुटून कोंब वर आला आणि वेल चढू लागला, तेव्हा पैसे लावणाऱ्याचा या नव्या विद्येवर विश्वास बसला आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची वाट मोकळी झाली. त्या चिमुकल्या पटात राजा नव्हता, राणी नव्हती, देव नव्हता. वाटाण्याचं रोप तर कुणाच्याही परसात उगवतं. पण कुणीही पाहिलेलं नव्हतं असं काहीतरी त्यात दिसलं, कारण काळ किती ताणायचा आणि किती आवळायचा हे फाळक्यांनी स्वतः ठरवलं होतं.

या पुस्तकाचं म्हणणं इथूनच सुरू होतं. सिनेमा चांगला का होतो आणि वर्षानुवर्षं मनात का राहतो, याचं उत्तर मी सिनेमाची विद्यार्थिनी म्हणून शोधत आले. मला सापडलेलं उत्तर असं आहे: एखादं चित्र पाहणाऱ्यासमोर किती वेळ धरायचं आणि नेमकं कधी बदलायचं, हा निर्णय ज्यांनी मनापासून घेतला, त्यांचे सिनेमे आपल्याजवळ राहतात. कथा, अभिनय, छायालेखन, संगीत या सगळ्यांचं मोल मोठं आहे, पण ही सगळी अंगं शेवटी त्या निर्णयापाशी येऊन मिळतात.

हे उत्तर पुण्यामुंबईच्या वर्गात जितकं शिकता येतं, तितकंच ते कुडाळजवळच्या पिंगुळीतही शिकता येतं. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चित्रकथी जपली. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय लाभलेली ही परंपरा चित्र आणि आवाज यांच्या जोडीवर उभी आहे. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, त्यांची एक पोथी, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. कथेकरी एक चित्र समोर धरतो, त्यातला प्रसंग गाऊन-बोलून सांगतो, मग ते बाजूला करून दुसरं धरतो. याच मंडळींकडे चामड्याच्या सावलीबाहुल्या आहेत आणि कळसूत्री बाहुल्याही. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा पिंगुळीचं नाव देशभर पोचलं.

चित्रकथी पाहताना मला सर्वांत जास्त शिकवलं ते चित्र बदलण्याच्या क्षणाने. चित्र तर स्थिर असतं. त्यातलं माणूस हलत नाही, बाण सुटत नाही, रथ पुढे सरकत नाही. तरीही कथेकऱ्याचा आवाज चढत जातो तसं ते चित्र भरत जातं. आधी आपण चेहरा पाहतो, मग हात, मग कोपऱ्यात उभा असलेला आणि अजून काहीच न बोललेला माणूस. कथेकरी ते चित्र घाईने काढून घेईल, तर कोपऱ्यातला माणूस आपल्याला दिसणारच नाही. आवाज संपल्यावरही तसंच धरून ठेवील, तर आपली नजर भरकटेल. जाणता कथेकरी आपल्याला सगळं दिसून झाल्यावर, पण पाहण्याची भूक शिल्लक असतानाच चित्र बदलतो. संकलनावरचे जाडजूड ग्रंथ मी पुढे वाचले. त्यांतल्या अनेक प्रकरणांचा गाभा मला आधीच या पोथीच्या पानांनी दाखवला होता.

दोन चित्रं एकापुढे एक आली की तिसराच अर्थ तयार होतो, हेही चित्रकथीत आहे. रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला आळीपाळीने वाटीभर रस्सा, शवपेटी आणि एक स्त्री यांची दृश्यं जोडली. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी शोक, कधी ओढ. सिनेमाच्या अभ्यासात हा प्रयोग सगळ्यांना शिकवला जातो आणि शिकवायलाच हवा. पण पिंगुळीच्या पोथीतली सीता एका पानावर जशी पाहते, तसंच पाहणं दुसऱ्या पानावर रावणाच्या चित्रानंतर आलं की वेगळं वाटतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी दिव्याच्या उजेडात हाच अनुभव घेतला होता. आपल्या मुलांना जगाचा सिनेमा शिकवताना हे शेजारपण दाखवून द्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चांगला सिनेमा म्हणजे चांगली गोष्ट, असं बहुतेक जण म्हणतात. हे म्हणणं तपासून पाहायला आमच्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण इथल्या लेखकांनी सिनेमाला भरभरून गोष्टी दिल्या. वि. स. खांडेकर १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. तिथे असतानाच त्यांनी हंस पिक्चर्ससाठी ‘छाया’ची कथा लिहिली. मास्टर विनायकांचा तो बोलपट १९३६ साली आला. आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘चक्र’वर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ साली चित्रपट केला आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दळवींच्याच ‘बॅरिस्टर’ नाटकावरून विजया मेहता यांनी ‘रावसाहेब’ केला. आणि वेंगुर्ले तालुक्यातले चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ साली गेल्यानंतर दोन वर्षांच्या आत त्यांच्या दोन कादंबऱ्यांचे चित्रपट झाले: १९७७ साली व्ही. शांताराम यांचा ‘चानी’ आणि १९७८ साली श्याम बेनेगल यांचा ‘कोंडुरा’.

सिनेमाचं भवितव्य गोष्टीनेच ठरत असतं, तर एकाच लेखकाच्या, एकाच मातीतून आलेल्या या दोन चित्रपटांमध्ये काहीतरी सख्खं दिसायला हवं होतं. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या जगांतले वाटतात. ‘चानी’मध्ये शांतारामबापूंची नजर आहे. रंग, गाणं, हालचाल आणि भावना यांना पुढे येऊन बोलायला लावणारी, मूकपटाच्या काळापासून कमावलेली ती नजर आहे. ‘कोंडुरा’ बेनेगलांनी ‘अनुग्रहम’ या नावाने तेलुगूतही केला. त्यांची नजर थांबून, थोड्या अंतरावरून पाहते. खानोलकरांच्या कादंबरीमागे वेंगुर्ले तालुक्यातला, लाटा आदळून घुमणारा कोंडुऱ्याचा समुद्रकिनारा आहे. चित्रपटाची गोष्ट दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेली, तरी तिच्यातली भीती हरवली नाही.

‘कोंडुरा’समोरचा प्रश्न अवघड होता. घर सोडून समुद्राकाठी आलेल्या परशुरामाला कोंडुऱ्याचा साक्षात्कार होतो, वर मिळतो, अट मिळते, पुढे देवी दिसते. हे खरंच घडलं, की त्याच्या मनाने रचलं? कागदावर ही शंका एका वाक्यात जिवंत ठेवता येते. पडद्यावर मात्र जे दिसतं ते दिसतंच. साक्षात्कार फार वेळ दाखवला, तर तो वेशभूषा केलेल्या माणसाचं दर्शन होऊन बसतो. फारच थोडा दाखवला, तर ती चलाखी वाटते. शंका टिकेल इतकाच वेळ तो समोर ठेवायचा, यासाठी दिग्दर्शकाला शब्दांची मदत होत नाही. तिथे त्याची स्वतःची जाण एकटीच उपयोगी पडते. गोष्ट खानोलकरांनी दिली, पण हा वेळ त्यांना देता येणार नव्हता.

ज्यांनी ‘पथेर पांचाली’ पाहिला आहे त्यांना तळ्याचं दृश्य सांगावं लागत नाही. सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या या चित्रपटात दुर्गा गेल्यानंतर, घर सोडायची आवराआवर चालू असताना, तिने चोरलेली माळ अपूला सापडते. चोरीचा तो आळ आयुष्यभर नाकारला गेलेला. अपू कुणालाही न सांगता ती माळ तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ बाजूला होतं आणि हळूहळू पुन्हा मिटत येतं. माळ पाण्यात पडली इथेच दृश्य तोडलं असतं, तरी गोष्टीला काही कमी पडलं नसतं. एका भावाने बहिणीचं गुपित लपवलं, हे आपल्याला कळलंच असतं. राय यांनी शेवाळ मिटेपर्यंत कॅमेरा धरून ठेवला, म्हणून ते कळणं आपल्या आत उतरलं. त्या काही क्षणांत आपणही गुपित जपण्यात सामील होतो.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. चित्र धरून ठेवणं म्हणजे संथ सिनेमा काढणं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) आठवून पाहा. पहिला अर्धा भाग कसा धावतो! अजय-अतुल यांचं संगीत, विहिरीतल्या उड्या, बुलेट, ऊस. त्या वेगाने मराठी प्रेक्षक अक्षरशः उभा राहून नाचला. आणि शेवटी ते लहान मूल दारातून बाहेर येतं, त्याची रक्ताने माखलेली पावलं उमटत जातात आणि आवाज पूर्णपणे बंद होतो. शेवटच्या शांततेचं वजन पहिल्या अर्ध्या भागातल्या वेगाने कमावलेलं आहे. तिथे पार्श्वसंगीताचा एक सूर जरी आला असता, तरी काय वाटून घ्यायचं हे कुणीतरी आपल्याला सांगितलं असतं. मंजुळे यांनी ते सांगितलं नाही. वेग आणि थांबणं ही दोन्ही माणसं एकाच घरातली आहेत. चांगला दिग्दर्शक दोघांनाही सांभाळतो.

कोकणाशी जिव्हाळ्याचं नातं असलेला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ मी या पुस्तकाच्या मध्यभागी ठेवला आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं आणि तो ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून गेला. कोकणातल्या खेड्यातून एक आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. डोळ्यांचा कर्करोग निघतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. अरुण नलावडे यांनी आजोबा केले, संदीप कुलकर्णी यांनी डॉक्टर, आणि परशा झालेल्या अश्विन चितळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात. पोराला शेवटचं जग दाखवायचं असतं. सिनेमाच्या विद्यार्थ्याने या प्रसंगापाशी बराच काळ मुक्काम करावा. जो प्रश्न आजोबांपुढे आहे तोच दिग्दर्शकापुढे आहे: काय दाखवायचं, आणि प्रत्येक गोष्टीसमोर किती वेळ थांबायचं? एरवी रस्त्यावरची वर्दळ, खेळणी, उजेड यांकडे आपण ढुंकूनही पाहत नाही. पण हे डोळे उद्या नसणार, हे माहीत असल्यामुळे आपली नजर प्रत्येक साध्या वस्तूवर रेंगाळते. तिथे सावंत यांनी सुंदर दृश्यांची रांग लावली नाही. नातू पाहतो आणि आजोबा नातवाच्या पाहण्याकडे पाहतात. आपण त्या दोघांकडे पाहत असतो. ‘श्वास’ पाहून घरी गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी स्वतःचं अंगण वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असेल, अशी माझी खात्री आहे. चांगल्या सिनेमाची याहून मोठी खूण मला सांगता येणार नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळवणाऱ्या मराठी चित्रपटांमध्ये ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांची नावं येतात. या पाचांपैकी तिघांचा जीव कोकणात आहे. पालगडचा श्याम, दृष्टी जाणारा परशा, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’मधला जगणं नकोसं झालेला तरुण. हा तरुण समुद्रकाठच्या एका घरात राहतो आणि घरातली माणसं त्याला प्रश्न न विचारता वेळ देतात. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण चाललेली असते. त्या अंड्यांना घाई करून चालत नाही आणि त्या मुलालाही. चित्रपटाने स्वतःची चाल त्यांच्या चालीशी जुळवून घेतली, म्हणून विषय आणि मांडणी एकजीव झाली. समुद्र, माड आणि लाल माती यांचं पडद्यावरचं सौंदर्य या तिन्ही चित्रपटांच्या यशाचं कारण नाही. कोकणातल्या माणसांच्या सोसण्याला या चित्रपटांनी पुरेसा वेळ दिला, हे खरं कारण आहे.

सौंदर्याविषयी हे ठामपणे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण मालवणच्या किनाऱ्यावर आता कॅमेऱ्यांची कमतरता नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावरून ड्रोन फिरतो, तारकर्लीचं निळं पाणी दिसतं, देवबागला नदी-समुद्राचा संगम दिसतो. दृश्यं खरोखर देखणी असतात आणि लगोलग विसरली जातात. वरून पाहणाऱ्या त्या नजरेला किल्ल्यातल्या वस्तीत राहणारं कुणी भेटत नाही, होडीवाला भेटत नाही. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये बदली झालेल्या आईबरोबर कोकणात आलेला मुलगा मित्रांबरोबर किल्ल्यावर जातो. पाऊस कोसळतो आणि तो तिथे एकटा उरतो. त्या प्रसंगात भिंती, पाणी आणि एका मुलाचा धास्तावलेला चेहरा एवढंच आहे. तो किल्ला आपण विसरत नाही, कारण त्यात आपणही एकटे सापडलेले असतो. या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात बालप्रेक्षकांच्या विभागातलं क्रिस्टल बेअर मिळालं. कोकण कधीही न पाहिलेल्या मुलांनाही ती भीती ओळखीची वाटली.

पाहण्याचा सराव कसा करावा, हे सांगताना मी पुस्तकात रापणीचं उदाहरण सविस्तर घेतलं आहे. रापण आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने पाहिलेली असते. होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. ओढणं बराच वेळ चालतं. त्या वेळात पाय वाळूत रुततात, दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात, बघे जमतात, कावळे आणि घारी घिरट्या घालतात. शेवटी जाळं किनाऱ्याला लागतं आणि मासळीची चमक दिसते. कॅमेरा घेतलेला नवखा माणूस पहिला दोर आणि शेवटची मासळी एवढंच घेतो. त्यातून बातमी होते. मधला काळ ज्याने पाहिला, त्याच्या हाती माणसं लागतात: पाठीवरचा ताण, म्हाताऱ्याने दिलेली हाक, पोराने दोराला नुसता लावलेला हात. आणि शेवटी जाळ्यात थोडकीच मासळी निघाली, तर त्या थोडकेपणाचा अर्थ मधला काळ पाहिलेल्यालाच कळतो. हा धडा कोणत्याही यंत्राशिवाय, वाळूत बसून गिरवता येतो.

डोळ्यांइतकीच कानांची शिस्त महत्त्वाची आहे. मालवणी गाऱ्हाणं पडद्यावर आलं की बहुतेक वेळा त्याचं पहिलं वाक्य ऐकू येतं आणि दृश्य पुढे जातं. पण गाऱ्हाण्याची ताकद त्याच्या परतपरत येण्यात आहे. मानकरी एकेक मागणं घालतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पहिल्या होकाराला रीत पाळली जाते, चौथ्या-पाचव्या होकाराला सगळ्यांचा आवाज एक होतो, आणि पुढे कधीतरी एकेकाला त्यात आपलं स्वतःचं मागणं ऐकू येऊ लागतं. ज्या दिग्दर्शकाला हे ठाऊक आहे तो गाऱ्हाणं पूर्ण होऊ देईल. मालवणी बोलीला लोकांनी फार वर्षं फक्त हसण्याचा मान दिला. मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने तिला रंगभूमीवर मोठं स्थान मिळवून दिलं, ही त्या नाटकाची थोर कामगिरी आहे. आता त्याच बोलीतलं दुःख, राग आणि गप्प बसणं पडद्यावर ऐकू यायला हवं.

दशावताराशिवाय या विषयाची ओळख पुरी होणार नाही. जत्रेच्या हंगामात रात्री उशिरा उभा राहणारा हा खेळ पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर पहाटेपर्यंत चालतो. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं आणि नट तिथल्या तिथे बोलत जातात. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासुर यांचा आडदशावतार, मग आख्यान. स्त्रीची भूमिका पुरुषच करतो आणि तासाभरात आपण तो पुरुष आहे हे विसरतो. समोरचा प्रेक्षक कंटाळला की नट प्रसंग आवरता घेतो, रंगला की फुलवतो. किती वेळ धरायचं याचा निर्णय तिथे समोरासमोर होतो. सिनेमाच्या माणसाला ही सोय नाही. त्याला तो निर्णय काळोखात बसलेल्या, अजून न भेटलेल्या माणसाचा विचार करून महिनोन्‌महिने आधी घ्यावा लागतो. म्हणूनच दशावतारी नटाकडून त्याने शिकायचं ते प्रेक्षकाला ओळखणं. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आला. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी त्यात बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत साकारला. महाराष्ट्रभर लोक तो पाहायला गेले. आमच्या जत्रेतला रंगलेला चेहरा मोठ्या पडद्यावर दिसल्याने इथल्या कित्येक घरांना झालेला आनंद मी जवळून पाहिला आहे.

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी. पहिल्या भागात तोरणे, फाळके आणि प्रभात यांचा काळ आहे. १९२९ साली कोल्हापुरात सुरू होऊन १९३३ मध्ये पुण्याला आलेल्या प्रभातने ‘संत तुकाराम’ (१९३६) दिला. त्यातल्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा ज्या श्रद्धेने थांबतो, त्यावर एक स्वतंत्र लेख आहे. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य वेचून फाळक्यांच्या पटांचे अवशेष मिळवले आणि जपले, म्हणून आपल्याला आज ते पाहता येतात. जतन झालं नाही तर ‘लक्षात राहणं’ या शब्दांना आधारच उरत नाही, हे ‘पुंडलिक’ने आपल्याला शिकवलं आहे. दुसऱ्या भागात वर उल्लेखलेल्या चित्रपटांतले निवडक प्रसंग एकेक करून उलगडले आहेत. तिसऱ्या भागात पिंगुळी, दशावतार, रापण आणि गाऱ्हाणं यांच्यापासून सिनेमाने काय घ्यावं, याचा विचार आहे.

हे लेख वाचायला सिनेमाचं शिक्षण झालेलं असण्याची गरज नाही. तांत्रिक शब्द आले तिथे ते उदाहरणातून उलगडतील असा प्रयत्न केला आहे. वाचकाला एकच विनंती आहे. एखाद्या चित्रपटावरचा लेख वाचण्याआधी तो चित्रपट पाहा आणि लेख वाचल्यावर त्यातला तेवढा प्रसंग पुन्हा पाहा. दुसऱ्यांदा पाहताना गोष्ट आधीच ठाऊक असते, त्यामुळे पुढे काय होणार याची धाकधूक नसते आणि नजर मोकळी होते. कॅमेरा कुठे थांबला, आवाज कुठे गेला, कोणता चेहरा अपेक्षेपेक्षा क्षणभर जास्त दिसला, हे तेव्हा दिसू लागतं. माझ्या निष्कर्षाशी तुमचं जमलं नाही तरी चालेल. तुमची नजर मोकळी झाली तर हे पुस्तक कामी आलं, असं मी समजेन.

मला शिकवणाऱ्या शिक्षकांची, आपल्या पोथ्या उघडून दाखवणाऱ्या पिंगुळीच्या कलावंतांची, रंगपटात बसू देणाऱ्या दशावतारी मंडळींची आणि दोर ओढता ओढता माझ्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या रापणकरांची मी ऋणी आहे. या पुस्तकात जे काही खरं आहे ते त्यांच्याकडून आलं आहे.

आणि शेवटी आमच्या जिल्ह्यातल्या, माझ्यानंतर सिनेमाकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी. तोरण्यांना कॅमेऱ्यासाठी मुंबई गाठावी लागली, चालवायला इंग्रज माणूस घ्यावा लागला आणि फिल्म सातासमुद्रापार पाठवावी लागली. तुमच्या खिशातल्या फोनने यातली प्रत्येक अडचण दूर केली आहे. एक गोष्ट मात्र कोणतंही यंत्र तुमच्यासाठी करणार नाही. समोरच्या माणसाकडे किती वेळ पाहायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. ज्या माणसांना आजवर कुणी क्षणभरापेक्षा जास्त पाहिलं नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा: मासळी विकणारी बाई, काजूच्या कारखान्यातली कामगार, चिऱ्याच्या खाणीवरचा मजूर, मुंबईला गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहणारे आजोबा. त्यांच्यासमोर थांबा आणि ते पुरते दिसेपर्यंत चित्र बदलू नका. सिंधुदुर्गाचा सिनेमा तिथून सुरू होईल, आणि तो कुणाच्या स्मरणात राहील का, याची काळजी तुम्हाला करावी लागणार नाही.